रुपाबाईचं पाणी पांढरंच राहिलं

दोनशे माणसं एका परातीवर वाकली होती. परातीत दुधासारखं पांढरं पाणी. एका म्हाताऱ्यानं त्यात हात धुतले आणि पाणी हळदीसारखं पिवळंजर्द झालं.

"निघाली!" भिवाजी महाराज गरजला. "पाहा, नखाच्या बुडातून कावीळ कशी पळून राह्यली! डाक्टरची सुई चामड्यात जाते, माझा मंत्र हाडात जाते. जो दवाखान्याची पायरी चढंल, थो खांद्यावर परत येईन!"

बायांनी कडाकडा बोटं मोडली. पुरुषांनी टोप्या काढल्या.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं आमचं गाव उतारावर आहे. वर आळी, खाली आमची वस्ती. महिन्याभरात वस्तीतली एकेचाळीस माणसं पिवळी पडली होती, दोन मेली होती. वरच्या आळीत एकालाही कावीळ नाही. असं का, हे कुणी विचारलं नाही. महाराजानं न विचारताच सांगितलं, "वस्तीत करणी आहे." आणि हा महाराज सरपंचाच्या गाडीतून उतरला होता, हेही कुणाला खटकलं नाही.

मांडवात चटईवर देवानंदची बायको रीता पडली होती. सातवा महिना. डोळे पिवळे, सकाळपासून बरळत होती. आमच्या वस्तीची आशा कार्यकर्ती संगीता देवानंदच्या मागं तीन दिवस लागली होती.

"भाऊ, पोटुशी बाईची कावीळ जीव घेते. गाडी बोलावतो, वाशीमले नेऊ."

"महाराज नाही म्हणतात ना ताई."

"महाराज बाळंत होणार आहे का?"

देवानंद रीताच्या कपाळाला महाराजाचा अंगारा लावत राहिला.

उताऱ्याची रीत ठरलेली होती. आधी आंब्याच्या डहाळ्या घातलेल्या देवीच्या हंड्यात हात बुडवायचे, मग परातीत धुवायचे. पाणी पिवळं झालं की परात ओतून नवी भरायची. आजारी, धडधाकट, सगळ्यांचं पाणी पिवळं. संगीतानंही हात धुतले. पिवळं! तिची तपासणी आठ दिवसांपूर्वीच झाली होती, कावीळ नव्हती. ती हात पुसत विचार करत उभी राहिली.

मग रुपाबाई आली. देवानंदची सख्खी काकी, विधवा. आईविना देवानंदला हिनंच वाढवलेलं.

"हंड्याले हात लावू नको!" महाराज खेकसला. "बिननवऱ्याच्या बाईचा विटाळ देवीले चालत नाही. तू सीधी परातीत धू."

ती परातीपुढं बसली. हात धुतले. पाणी पांढरंच राहिलं.

महाराजानं एकदा परातीकडं पाहिलं, एकदा हंड्याकडं. पण बोलण्यावरच जगणारा तो माणूस. "हीच थे!" तो किंचाळला. "जिची निघत नाही, तिनंच घातली! इचं रगत सांडल्याबिगर रीता उठणार नाही!"

पहिली लाथ देवानंदनं घातली. ज्या हातानं त्याला घास भरवला, त्या हातावर त्यानं काठी हाणली. हाड मोडल्याचा आवाज आम्ही ऐकला. मग कुणी केस धरून फरफटत नेलं, कुणी दगड घेतला. तिच्या तोंडातून रक्त आणि दात एकदमच पडले.

"देवा, मी नाही रे काही केलं…"

मीही तिथंच होतो. माझे हात कुणी बांधले नव्हते. तरी ते हलले नाहीत.

संगीता रुपाबाईच्या अंगावर पडली. एक काठी तिच्या कपाळावर बसली. रक्त डोळ्यात उतरलं तरी ती उठली आणि ओरडली, "काहून मारता रे? तुमी सर्वे हंड्यात हात घालून आले. काकीनं घातला का?"

काठ्या वरच्या वर थांबल्या.

तिनं रुपाबाईचा शाबूत हात धरला, हंड्यात बुडवला, नव्या परातीत धुतला. पाणी पिवळंजर्द!

"निघाली का आता करणी? आता महाराजाची पाहू!"

महाराज पळायला लागला. देवानंदनंच त्याची मानगूट धरली. हात हंड्यात, मग परातीत. पिवळं!

"अरे बाप्पा," गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, "महाराजालेही कावीळ?"

संगीतानं हंडा लाथेनं पालथा केला. डहाळ्यांखालून सालींचं गाठोडं बाहेर आलं. "आंब्याची साल हाये ही. परातीत चुन्याचं पाणी. सालीच्या पाण्याले चुना लागला की पिवळं होतेच. माणसाचा हात घाला का बैलाचा खूर!"

आता त्याच काठ्या महाराजाकडं वळल्या. संगीता आडवी आली. "एका बाईच्या रगतानं पोट नाही भरलं काय? याले पोलिसात द्या. आधी रीताले उचला!"

गाडी आली. रुपाबाईनं मोडका हात छातीशी धरला. फुटक्या तोंडानं म्हणाली, "मी बसून येतो. पोरीले झोपवा."

रीता वाचली. मूल वाचलं नाही. तीन दिवस आधी नेलं असतं तर कदाचित वाचलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. देवानंद दवाखान्याच्या भिंतीवर डोकं आपटत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीची पाइपलाइन उकरली. वरच्या आळीच्या गटाराखालून ती येते. तिथं चार बोटं फुटलेली. नळ तीन दिवसांतून एकदा सुटतो. बाकी वेळ रिकामा पाइप वरच्या आळीचा मैला आत ओढतो आणि नळ सुटला की तोच आमच्या घागरीत. वरच्या आळीचे नळ गटाराच्या अलीकडंच जोडलेले. करणी ही एवढीच! संगीतानं नळाच्या पाण्याला येणाऱ्या वासाबद्दल पंचायतीत दोन अर्ज दिले होते. सरपंचानं पाइप बदलला नाही, महाराज आणला.

रुपाबाईची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. देवानंद रोज तिच्या दारात घागर ठेवतो, उकळलेल्या पाण्याची. ती घेते. बोलत नाही.

माझ्या माणसांनो, परातीतलं पाणी पिवळं झालं तेव्हा दोनशे माना वाकल्या. नळाला गढूळ, घाण मारणारं पाणी येत होतं, तेव्हा किती वाकल्या? कुणाच्या अंगात काय शिरलं ते नंतर पाहू. आधी पाइपात काय शिरलं ते पाहा. आणि हात शिवशिवत असतील तर काठी टाका, फावडं उचला.