तीस मधपेट्या आणि एक ओला चढ

मित्रांनो, मी एक जुना पिकअप ट्रक आहे. माझा रंग मातकट हिरवा, मागचा हौदा ऐसपैस, आणि डाव्या दारावर एक पोचा आहे. तो कुणी पाडला ते विचारू नका. माणूस चांगला होता.

माझ्यात एक खास गुण आहे. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. माझ्या गिअरशेजारी मात्र एक आखूड दांडी आहे. ती ओढली की चारही चाकं जोर लावतात. आणखी ओढली की मी चालतो गोगलगायीसारखा, पण ताकद येते हत्तीची. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मला वाटलं होतं, आता डोंगर चढायचे, ओढे ओलांडायचे!

पण मला विकत घेतलं एका फर्निचरच्या दुकानदाराने. आठ वर्षं मी गुळगुळीत रस्त्यांवरून सोफे आणि कपाटं पोचवली. ती दांडी एकदाही हलली नाही. मालक तिच्यावर छत्री टांगायचे. पुढे त्यांनी नवी गाडी घेतली, आणि मी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे आलो. तिथे वर्षभर उभा होतो. चिमण्या माझ्या आरशात स्वतःशीच भांडायच्या, तेवढीच काय ती करमणूक.

एके सकाळी दोघी बायका आल्या, नणंद-भावजय. नणंदबाईंनी अठ्ठावीस वर्षं लोकांना गाडी शिकवली होती. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. भावजय मधमाश्या पाळायची. जिथे फुलं फुलतील तिथे तिला मधपेट्या न्याव्या लागत, आणि फुलं काही डांबरी रस्ता बघून फुलत नाहीत.

मास्तरीणबाईंनी पर्समधून लोहचुंबक काढून माझ्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली.

"बाई, हे काय करताय?" व्यापाऱ्याने विचारलं.

"पुट्टी शोधतेय. पत्र्याला हे चिकटेल, लिंपालिंपी केली असेल तिथे गळून पडेल."

ते सगळीकडे घट्ट चिकटलं. मग त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "इंजिन गरम कसं? आम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलंत होय? थंड होऊ दे. खरं दुखणं थंड इंजिनच सांगतं. आम्ही बसतो."

आणि दोघी खरंच माझ्या हौद्यात पाय सोडून दोन तास शेंगदाणे खात बसल्या! मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो. शेवटी किल्ली फिरली, आणि मी धूर न सोडता एका झटक्यात सुरू झालो. दांडी मात्र जाम झाली होती.

"तिची तुम्हाला काय गरज?" व्यापारी म्हणाला.

"तिच्यासाठीच तर आलोय," भावजय म्हणाली.

मला विकत घेऊन दोघी थेट एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेल्या. त्याने दोन दिवस खपून गंज काढला, नवं तेल भरलं आणि दांडी सैल केली. "ताई, महिन्यातून एकदा तरी ही वापरा," तो म्हणाला. "कोरड्या डांबरावर मात्र नको. आणि चिखलात अडकलात तर घाई करू नका. चाकांतली थोडी हवा सोडा म्हणजे ती पसरून जमीन धरतील, दांडी पूर्ण ओढा आणि मुंगीच्या पावलांनी निघा."

त्या वर्षी मास्तरीणबाई मला चालवत आणि सुट्टीच्या दिवशी भावजयीला शिकवत. कसलं शिकवणं! "वहिनी, ती भिंत आहे, पाहुणी नाही. तिला भेटायला जाऊ नकोस!"

मग तो दिवस आला. पलीकडच्या टेकडीवर सूर्यफुलं फुलली होती. तीस पेट्यांची दारं जाळीने बंद करून आम्ही पहाटेच निघालो, कारण ऊन चढलं की बंद पेटीत माश्या गुदमरतात. पण रात्री पाऊस पडून गेला होता. ओढा पार झाला आणि पुढच्या चढावर माझी चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मास्तरीणबाई जोर देत गेल्या, मी आणखी रुतत गेलो. एवढ्यात सूर्य वर आला.

भावजयीने उतरून एका पेटीला कान लावला. तिचा चेहरा उतरला. "वन्सं, आवाज चढलाय. पेटी गार ठेवायला पंख मारून मारून त्या दमल्यात. इथे जाळी काढली तर उधळतील, आणि असंच उभे राहिलो तर एकही वाचायची नाही."

"मला शिकवू नकोस!"

"शिकवत नाहीये. मिस्त्री काय म्हणाला होता ते आठवा."

मास्तरीणबाईंनी रुतलेल्या चाकाकडे वाकून पाहिलं. डांबरी रस्त्यावरच्या त्या राणी, पण चिखल त्यांच्या ओळखीचा नव्हता. मग त्या खाली उतरल्या. "तू बस. तुझा कान माझ्यापेक्षा तिखट आहे."

भावजयीने चाकांतली हवा सोडली. दांडी पूर्ण ओढली. मास्तरीणबाईंनी चाकांखाली वाळक्या काटक्या घातल्या आणि पदर खोचून मागून रेटा दिला. मी थरथरलो, घसरलो, आणि मग चारही चाकांनी जमीन धरली! मित्रांनो, तो आनंद कसा सांगू? आठ वर्षं ज्याच्या दांडीवर छत्री टांगली, तो मी टेकडी चढत होतो!

वर पोचून जाळ्या काढल्या. माश्या आधी दारातच घुटमळल्या, मग धार लागावी तशा पिवळ्या फुलांकडे निघाल्या. मागून मास्तरीणबाई धापा टाकत आल्या. त्यांच्या नाकापासून पायापर्यंत चिखलच चिखल होता. त्यांनी भावजयीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पास!"

दुसऱ्या दिवशी दोघींनी मला धुतलं. आधी खालून, मग वरून. मास्तरीणबाई गोणपाट अंथरून माझ्याखाली शिरल्या आणि काडीने चिखल उकरू लागल्या. भावजयीने पाइप धरला, आणि पाणी नेमकं त्यांच्या तोंडावर! दोघी अशा हसल्या की शेजारीण काय झालं म्हणून धावत आली.

मित्रांनो, वरचा रंग सगळेच पुसतात, कारण तो चारचौघांना दिसतो. गंज मात्र खालून चढतो. तुमच्या घरी एखादी सायकल असेल, शिलाई मशीन असेल, आजोबांची स्कूटर असेल. कधीतरी वाकून तिच्या खाली बघा. थोडं तेल, एक फडकं आणि पाच मिनिटं, यापेक्षा आम्ही जुनी माणसं जास्त काही मागत नाही. हो, माणसंच म्हणालो. दोघी मला घरातलाच समजतात.

बरं, निघतो आता. संत्र्याच्या बागा फुलल्यात, पेट्या चढवून झाल्यात, आणि आज कुणी चालवायचं यावरून नणंद-भावजयीत कडाक्याचं भांडण जुंपलंय.