मधला रकाना झाकून वाचा

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर लेओनोरबाईंनी पट्टीने माझ्या पानावर दोन उभ्या रेघा मारल्या आणि माझे तीन रकाने झाले. मी इंतोयची वही बोलतेय.

इंतोय पाच वर्षांचा. दिवसातून चार-पाच वेळा जमिनीवर लोळण घ्यायचा, कपाळाला टेंगूळ येईपर्यंत. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं होतं, डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय जूनमध्ये घेणार नाही. त्याची आई जोवेलिन काळजीने निम्मी झाली होती.

डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "आठवडाभर लिहून ठेव. लोळायच्या आधी काय झालं, त्याने काय केलं, आणि नंतर काय झालं."

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या घरात मी तांदळाच्या डब्यावर राहू लागले. पहिल्या दिवशी जोवेलिनने भीतीपोटी लिहिलं, 'आज काही नाही.' संध्याकाळी तिच्या सासूबाई पुरिता चष्मा लावून आल्या आणि खाली लिहून गेल्या, 'तीनदा लोळला. सून खोटं लिहिते.'

"आई, माझ्या वहीत का लिहिलंत?"

"वही डॉक्टरची, नातू माझा. तुझं काय गं यात?"

तेवढ्यात इंतोय धपकन आडवा. दोघी धावल्या. एकीने डोकं धरलं, दुसरीने पाय.

मग दोघी लिहू लागल्या. सून लिहायची, 'आधी: सासूबाईंनी माझ्या माशाच्या आमटीत परत चिंच टाकली.' खाली सासू, 'आधी: आमटीला चवच नव्हती.' त्या पहिल्या रकान्यात माझं पान फाटायला आलं. पुढे मात्र दोघींचं एकमत. मधे 'लोळला', शेवटी 'दोघी गप्प, मिळून उचलला.'

पुढच्या सोमवारी मला घेऊन दोघी दवाखान्यात गेल्या. जोवेलिनच्या हाताच्या घामाने माझा पुठ्ठा मऊ पडला. आता चिठ्ठी मिळत नाही, असंच तिने धरलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला वाचलं, हसू दाबलं आणि मधल्या रकान्यावर तळवा ठेवला. "आता मोठ्याने वाच."

"आधी, चिंचेवरून भांडण. नंतर, दोघी गप्प. आधी, चादरीवरून भांडण. नंतर, दोघी गप्प. आधी..." जोवेलिन थांबली. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"पोरगं तुमचं भांडण मिटवतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बिचाऱ्याला दुसरा उपाय माहीत नाही."

मग सासूबाईंनी हळूच विचारलं, "मग भांडायचं कुठे?"

"त्याला ऐकू जाणार नाही तिथे. आणि तो शहाण्यासारखा बसला असेल तेव्हाच त्याला जवळ घ्या, दोघींनी."

तेव्हापासून भांडण घरामागे, डुकराच्या खोपटाजवळ होतं. डुक्कर लोळतं, पण ते आधीही लोळायचं. दुसऱ्या आठवड्यात माझ्यात दोनच ओळी आल्या. चिठ्ठी मिळाली. इंतोय आता बालवाडीत जातो, टेंगूळ न घेता.

माझी बरीच पानं कोरी आहेत. माझ्यावर हल्ली चिंचेची बरणी असते, त्यामुळे डाग पडलेत. त्याचं काही नाही. फक्त तुमच्या आळीत कुणाचं पोरगं असं लोळत असेल, तर त्याच्या आईला एवढा निरोप द्या: मधला रकाना हाताने झाक आणि कडेचे दोन आधी वाच. वाचताना सासूला शेजारी बसव.