यादीतला धोंडू

"थांब रे दशा!" वाकोल्यापासून मी हेच ओरडत होतो. दशरथ मागे न बघता नुसता हात हलवायचा. मेल्याची सायकल हलकी. माझी दूधवाल्याकडून मागून आणलेली, किटल्या अडकवायच्या कड्यांसकट. चढावर तर मीच तिला ओढत होतो.

संपानंतर गिरणीने आम्हाला परत घेतलंच नाही, त्याला दीड वर्ष झालं. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कारखान्याला दोन माणसं हवी होती, आठ वाजता गेटवर. मला आज काम मिळालं नसतं, तर माझी बायको मालन दोन्ही पोरींना घेऊन संध्याकाळच्या एसटीने गावी जाणार होती. गाठोडं बांधून झालं होतं. भांडलीसुद्धा नाही, त्याचीच मला भीती वाटत होती. एकदा गेली की ती परत येणार नव्हती.

पार्ल्याला कारखान्यातून बिस्किटांचा वास आला. तिथेच चेन उतरली.

दशरथ थांबला. घड्याळ बघितलं. "धोंडू, मी पुढे होतो. दोघांचा नंबर लावतो."

गिरणीच्या गेटवर रोज बदली कामगार म्हणून उभे राहायचो तेव्हापासूनची आमची रीत, आधी पोचेल त्याने दोघांची नावं द्यायची. पण तेव्हा दोघांची पोटं भरलेली असायची. मी चेन चढवत त्याला शिव्या घातल्या. हा आता स्वतःचं बघणार, माझी वाट लागली, असंच डोक्यात होतं. पुढचं अंतर कसं कापलं, मला आठवत नाही. मी रडत होतो, एवढं आठवतं.

गेटवर पन्नास-साठ माणसं उभी होती. दशरथ जाळीच्या आत होता. कारकून यादी बघून ओरडत होता, "धोंडू कोण? धोंडू!"

दशाने माझं नाव दिलं होतं. मला स्वतःचीच लाज वाटली. माणसांतून घुसत मी पुढे गेलो, गिरणीचं कार्ड दिलं.

"यावर राजाराम आहे."

"मीच तो, साहेब. माझ्याआधीची दोन भावंडं गेली, म्हणून आईने धोंडू नाव ठेवलं, मी जगावा म्हणून. शाळेत मास्तरांनी राजाराम लिहिलं."

"मग धोंडूचं कार्ड आण."

"धोंडूचं कार्ड नसतं, साहेब."

त्याने कार्ड परत दिलं आणि मागच्या माणसाला आत घेतलं.

दशरथ जाळी धरून उभा होता. वीस वर्षांत त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती. मीही कधी कागदावरचं नाव सांगितलं नव्हतं. गिरणीत मुकादम तोंडं ओळखूनच आत घ्यायचा. "साहेब, हाच तो, माझा गाववाला आहे," तो म्हणत राहिला. कारकुनाने वही मिटली. मग दशा गेटकडे वळला, बाहेर यायला.

"थांबू नको," मी म्हटलं. "जा आत."

सायकल दूधवाल्याला नऊच्या आत द्यायची होती. मी ती वाकोल्याकडे वळवली. घरी मालन नुसतं तोंडाकडे बघणार होती.