ऊनाचा रकाना

जोनास घरात आला तेव्हा त्याचा उजवा मोजा रक्तानं भिजला होता आणि काखेतले कागद चिखलानं माखले होते. ऊनानं विस्तवावरचं बटाट्यांचं भांडं बाजूला केलं, त्याला बाकावर बसवलं आणि मोजा हळूच सोलून काढला. पोटरीत दात चांगलेच रुतले होते.

"कुणाचं कुत्रं?" तिनं विचारलं.

"तुझ्या भावाचं. आणि ते सुटलं नव्हतं. सोडलं होतं."

 कॉन हेफर्नन असं करील यात ऊनाला नवल वाटलं नाही. लग्न झाल्यापासून भावा-बहिणीतून विस्तव जात नव्हता. हेफर्ननांच्या पोरीनं प्रॉटेस्टंट चर्चच्या कारकुनाशी, तेही त्यांच्या चर्चमध्ये जाऊन लग्न लावलं, हे कॉननं कधी गिळलं नाही. बाप गेला तेव्हा तिला निरोपसुद्धा धाडला नाही. माती पडून गेल्यावर तिला बाजारात कळलं.

जोनास आर्मिटेज तसा कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा माणूस. रविवारी प्रार्थनेत मोठ्यानं 'आमेन' म्हणायचं, घंटा वाजवायची, बारशी-मयतांची नोंद ठेवायची, एवढं त्याचं काम. त्या बदल्यात चर्चमागचं हे दोन खोल्यांचं घर आणि बटाट्यापुरती जमीन. पण सन १७६६च्या त्या वसंतात डब्लिनहून हुकूम आला: प्रत्येक पाद्र्यानं आपल्या पॅरिशमधली, म्हणजे चर्चच्या हद्दीतली, कुटुंबं मोजून कळवावीत. प्रॉटेस्टंट किती, पोपवाले म्हणजे कॅथलिक किती. शिवाय पोपवाल्यांचे फादर किती, आणि कायद्यानं बंदी असूनही लपूनछपून फिरणारे मठवासी किती. किलड्रोहनचे पाद्री पर्डनसाहेब संधिवातानं खुर्चीला खिळलेले. त्यांनी कागद जोनासच्या हातात दिले आणि दार दाखवलं.

याहून वाईट वेळ नव्हती. अंगावर पांढरे सदरे चढवून अंधारात फिरणाऱ्या टोळ्यांनी जमीनदारांची कुंपणं पाडायचा सपाटा लावला होता. त्यांना सामील असल्याच्या संशयावरून क्लॉनमेलला एका फादरला नुकतंच फासावर दिलं होतं आणि त्याचं मुंडकं तुरुंगाच्या दरवाजावर खोचलं होतं. अशात कारकून दारात येऊन विचारणार, घरात कोण कोण आहे, कुठल्या धर्माचे आहात. कोण सांगेल?

"उद्या परत जायला हवं," जोनास म्हणाला. "नाही जमलं तर साहेब शिपाई बोलावणार आहेत. तसं ते स्पष्ट म्हणाले."

"शिपाई घरात शिरले तर नुसतं मोजून परत जातील होय?" ऊनानं जखमेवर फडकं आवळलं. "तू राहा. मी जाते."

"तू? तुला तर ते माझ्यापेक्षा जास्त पाण्यात पाहतात."

"पाहू देत. मला चावायला कुत्र्याला आधी माझा वास विसरावा लागेल."

ती निघाली. लिहिता तिला येत नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. जोनास रस्त्याच्या वळणावर दगडावर बसायचा, ती दारोदार जाऊन यायची आणि सांगायची.

दारं उघडत होती, पण तेवढीच. टोबिनांच्या म्हातारीनं उंबऱ्यात उभं राहून एप्रनला हात पुसले.

"ये गं ये, कारकुनीणबाई. माणसं झाली की कोंबड्याही मोज. त्या कोंबड्याला मात्र तुमच्यात धर. पहाटे उठून उगाच ओरडतो आणि अंडं काही देत नाही."

आत कुणीतरी फिसकन हसलं. ऊना म्हणाली, "पेग मावशी, शिपायांनी विचारण्यापेक्षा मी विचारलेलं बरं."

"ते बरं की वाईट, ते तू कशाला ठरवतेस? तू आमची होतीस तेव्हा ठरवायचं होतंस." तरीही म्हातारीनं माणसं सांगितली. आणि दार लावता लावता विचारलं, "तुझं काय लिहिणारेस? ते लिहिलंस का अजून?"

दुसऱ्या घरी हेच विचारलं. तिसऱ्या घरी विचारलं नाही, पण बाई तिच्याकडे पाहून शेजारणीला म्हणाली, "हिला कुठं टाकणार? धड ना इकडची ना तिकडची." इतकी वर्षं हे कुणी विचारलं नव्हतं. रविवारी जोनास घंटा वाजवायला जायचा आणि ऊना पोरांना घेऊन टेकडीपलीकडच्या गवती छपरात फादरची उपासना, मिस, ऐकायला जायची. पाद्रीसाहेबांना ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं, आणि कुणी बोलत नव्हतं म्हणून सगळं चाललं होतं. कायद्यानं मात्र पोपवाली बायको आणि तशीच वाढवलेली पोरं असलेल्या माणसाला चर्चचं काम ठेवता येत नव्हतं.

हेफर्ननांच्या वाडीवर ती सगळ्यात शेवटी गेली. कुत्रं धावत आलं आणि तिचे हात चाटू लागलं. कॉन गोठ्यातून बाहेर आला. हातात दाताळं होतं, ते त्यानं खाली ठेवलं नाही.

"नवऱ्याचं रक्त पुरलं नाही वाटतं."

"आई कशी आहे?"

"तुझ्या कागदात आईची तब्येत लिहायची असते?"

"कॉन, मी घरात किती माणसं ते विचारायला आलेय. तू सांग, मी जाते."

"मी सांगू? आणि मग ते काय करणार त्या कागदाचं? कुणाची जमीन ओढायची, कुणाला बोटीत भरून देशाबाहेर धाडायचं, कुणाला टांगायचं, हेच ना? क्लॉनमेलच्या दरवाजावर एक मुंडकं आहे, पाहून ये. मग मला माणसं विचार."

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, चिरका आणि दमलेला. "कॉन, कोण आहे? ऊना आहे ना? आत येऊ दे तिला."

कॉन दात खात बाजूला झाला. ऊना आत गेली आणि जागच्या जागी थांबली. आईच्या खाटेपाशी एक उंच, हडकुळा माणूस गुडघ्यावर होता. अंगावर गुराख्याचा कोट होता, पण हात गुराख्याचे नव्हते, आणि पुढ्यात तेलाची इवलीशी डबी उघडी होती. आईला मरणाआधीचं पवित्र तेल लावायला तो आला होता. तो मठवासी होता, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

त्यानं ऊनाकडे पाहिलं आणि डबी न लपवता शांतपणे झाकण लावलं.

कॉन तिच्या मागे येऊन उभा राहिला. दाताळं अजून हातात होतं. "आता पाहिलंस," तो हळू म्हणाला. "आता जा, तुझ्या साहेबाला सांग. पण इथून जाताना एवढं ध्यानात ठेव, मी तुझा भाऊ आहे ते आजपर्यंत."

"कॉन, गप बस," आई म्हणाली. तिनं ऊनाचा हात धरला. बोटं थंडगार होती. "मी जगते-मरते, त्याचं काही नाही गं. पण मला एक सांग. तो कागद घरोघर फिरतोय म्हणतात. त्यात तू कुणात आहेस? माझ्यात की त्यांच्यात?"

 ऊनानं आईचा हात गोधडीखाली ठेवला आणि ती बाहेर पडली. वळणावर जोनासनं विचारलं, "हेफर्नन?" तिनं माणसं सांगितली. त्यात एक माणूस सांगितला नाही.

दोन दिवसांनी पर्डनसाहेबांनी दोघांना बोलावलं. साहेब पाय स्टुलावर ठेवून बसले होते, मांडीवर लोकरी घोंगडं. त्यांनी कागद लांब धरून वाचला आणि टेबलावर आपटला.

"आर्मिटेज, हे काय आहे? अख्ख्या पॅरिशमध्ये प्रॉटेस्टंट घरं बोटावर मोजण्याइतकी? बिशपसाहेबांना मी दरवर्षी कळवतो की इथं धर्म वाढतोय. हे पाठवलं तर मी खोटारडा ठरतो."

"आहेत तेवढी लिहिली साहेब."

"आणि हे? तुझ्या स्वतःच्या घरापुढे जागा रिकामी का?"

जोनास टोपी हातात फिरवत राहिला. साहेबांनी ऊनाकडे पाहिलं. तिच्या दिशेनं त्यांनी कधी चार शब्द टाकले नव्हते. आता टाकले, तेही एखाद्या गाईचं वय विचारावं तसे.

"बाई, तू आणि पोरं प्रॉटेस्टंट. असं लिहायचं आणि येत्या रविवारी सगळ्यांनी पुढच्या बाकावर बसायचं. म्हणजे घर तुमचं, काम तुमचं. दुसरं. डोंगराकडच्या वाड्यांवर एक मठवासी फिरतो, अशी बातमी आहे. तू दारोदार गेलीस. तुझ्या माहेरीही गेलीस. पाहिलास?"

"नाही साहेब."

"नीट आठव. त्याचं ठिकाण सांगितलंस तर बाकांचं पुढे बघू. तुझा रकाना तुझ्या मनासारखा भरीन आणि डोळेझाकही करीन. एवढी मुभा मी कुणाला देत नाही."

 जोनास ऊनाकडे पाहत होता. त्याला मठवाशाचं काही माहीत नव्हतं, पण बायकोचा चेहरा त्याला वाचता येत होता.

"मठवासी कुणी नाही," ती म्हणाली. "गावाचा फादर आहे एक, म्हातारा, तो तुम्हाला ठाऊकच आहे. बाकी कुणी नाही. आणि मला पोपवाल्यांत लिहा. मला आणि तिन्ही पोरांना."

"ऊना," जोनास हळूच म्हणाला, "साहेब लिहायला सांगताहेत ते नुसतं शाईचं आहे. घर खरं आहे."

"तुझ्यासाठी शाईचं असेल. माझी आई मरायला टेकलीय आणि तिनं मला एवढंच विचारलं."

"आणि मला कुणी विचारलं का? माझा बाप या घंटेखाली पुरलाय."

"तुला कुणी विचारायला नको. तुझा रकाना ठरलेलाच आहे."

पर्डनसाहेबांनी दौत पुढे ढकलली. "तुमचं भांडण घरी करा. घर असेपर्यंत. लिही आर्मिटेज. काय लिहायचं ते तुझ्या बायकोनं सांगितलंय. मी शब्द बदलणार नाही. माझ्या पॅरिशचा कारकून स्वतःच्या हातानं स्वतःला काढून टाकतो, हे मलाही बघू दे."

 जोनासनं लेखणी उचलली. अक्षर नेहमीसारखंच, गोल आणि सुबक आलं. आपलं नाव एका रकान्यात. बायको आणि तीन मुलं दुसऱ्या रकान्यात. खाली, फादर एक, मठवासी नाही.

ती मूळ यादी पुढे डब्लिनच्या दफ्तरखान्यात गेली आणि दीडशेहून अधिक वर्षांनी, लढाईत तो दफ्तरखाना पेटला तेव्हा देशभरच्या बहुतेक याद्यांबरोबर राख झाली. पण त्याआधी जुन्या घराण्यांचा शोध घेणाऱ्या कुणीतरी किलड्रोहनच्या यादीची नक्कल करून ठेवली होती, ती राहिली. ती वाचणारा आज त्या ओळीपाशी अडखळतो. एकाच छपराखाली दोन धर्म, आणि तेही कारकुनाच्या घरात, कारकुनाच्याच हातानं. दुसरी ओळ वाचून मात्र कुणी अडखळत नाही. त्या गावात तेव्हा मठवासी नव्हता, असं ते नोंदवून घेतात.

घर रिकामं करायला आठवडा मिळाला. त्याच आठवड्यात आई गेली. या वेळी निरोप आला, टोबिनांच्या म्हातारीकडून. ऊना वाडीवर गेली तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. ती येताच बोलणं थांबलं. कुणी जागा दिली नाही, कुणी अडवलंही नाही. ती आईपाशी बसून राहिली, आणि माती पडल्यावर कॉन तिला गोठ्याच्या आडोशाला घेऊन गेला.

"तो सुखरूप गेला," तो म्हणाला. "वॉटरफर्डच्या बाजूला. साहेबाला तू काय सांगितलंस तेही कळलं."

"मग?"

"मग काय? पोरांना घेऊन ये. वरची खोली आहे. आईची इच्छा होती."

"आणि जोनास?"

कॉननं मान हलवली. "त्याला नाही. ज्या हातानं गावातल्या प्रत्येक घराचं नाव लिहिलं, तो हात माझ्या ताटाजवळ नको."

"त्यानं लिहिलं. पण सांगितलं मी, कॉन. घरोघर फिरून मीच सांगितलं."

"तू बहीण आहेस."

"त्या दिवशी म्हणालास, भाऊ आजपर्यंत."

 कॉन म्हणाला, "तोंड आहे तुझं आईसारखं. नशीब मात्र तू तुझं स्वतः ओढवून घेतलंस." आणि माणसांत निघून गेला.

ती माहेरी राहिली नाही. एका उसन्या गाढवावर भांडी, बिछाना आणि धाकटी पोर घालून, मोठ्या दोन पोरांसह दोघं कॅरिकच्या रस्त्याला लागले. तिथं लोकर विंचरायचं काम मिळतं, असं जोनासनं ऐकलं होतं. तो पुढे लंगडत चालला होता. घरातून निघाल्यापासून तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता, आणि तिनंही आपणहून विषय काढला नव्हता. ओढ्यापाशी गाढव अडलं तेव्हा दोघांनी मिळून त्याला ओढलं. पलीकडे गेल्यावर जोनास म्हणाला, "तो मठवासी होता ना, तुझ्या आईकडे?"

"होता."

"मला सांगितलं असतंस तर?"

"तर तुला जाणूनबुजून खोटं लिहावं लागलं असतं."

तो पुन्हा चालू लागला. "मी लिहिलं असतं," तो मागे न वळता म्हणाला. आवाजात राग होता आणि तो लवकर जाणार नव्हता, हे ऊनाला कळत होतं. तिनं पोरीला गाढवावर नीट सरकवून बसवलं आणि त्याच्या पावलाशी पाऊल जुळवलं.

कॅरिकला ते पुढे सतरा वर्षं राहिले. दर रविवारी चौकापर्यंत एकत्र जायचे, तिथून तो एका बाजूला वळायचा आणि ती पोरांसह दुसऱ्या. परतताना पुन्हा चौकात गाठ पडायची. जो आधी पोचेल तो थांबायचा. कधी बोलायचे, कधी नाही.