चिंध्यांच्या खोक्यातला टोप

मित्रांनो, मी आहे एक जुना, जाड बुडाचा टोप. माझा एक कान पडला आहे आणि झाकण दुसऱ्याच कुठल्यातरी भांड्याचं आहे. कारखान्यात मला ओतलं, ठोकलं, दुकानाच्या फळीवर पालथं घातलं, यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते सगळं एका खोलीतलं.

त्या खोलीची एक भिंत हिवाळाभर ओली असे. तिथे एक वायरमन, त्याची बायको आणि त्याचे वडील राहत. बायको शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. वडील बसचे निवृत्त कंडक्टर. दारात कुणी घुटमळलं की अजूनही "पुढे सरका" म्हणायचे. थंडी मरणाची आणि गॅस महाग, म्हणून वायरमनने एक युक्ती काढली. लाकडी खोका आणून त्यात कारखान्यातल्या चिंध्या ठासून भरल्या. सकाळी माझ्यात पाणी, डाळ, गाजर, कांदा घालायचा, खळखळून उकळी आणायची, गॅस बंद करायचा आणि मला खोक्यात बसवून वर जुनी रजई गुंडाळायची. आत डाळ आपली आपण शिजत राही. संध्याकाळपर्यंत झाकण उघडायचं नाही, हा घरचा कायदा. कुणी नुसतं डोकावलं तरी वायरमन डाफरायचा.

खोका वडिलांच्या खाटेला टेकलेला असे. ते दिवसभर त्याला पाय लावून बसत. संध्याकाळी मी टेबलावर येई आणि ऊबदार रजई त्यांच्या अंगावर जाई. वायरमन मला घरातली शेगडी म्हणायचा. मला ते ऐकायला आवडायचं.

मग एके दिवशी वायरमन कामावर गेला आणि खांबावरून पडला. तो घरी आला नाही. मला रडता येत नाही, त्यामुळे याहून जास्त सांगता येत नाही. घरातही कुणी फारसं रडलं नाही. दोघं नुसती बधिर झाली. सून उठायची, कामाला जायची, यायची. सासरे खाटेवर. बोलणं म्हणजे 'हो' आणि 'नको'. माझ्या बुडाला काजळी धरली, ती कुणी घासली नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही.

तशीच एक सकाळ. सुनेने डाळ धुतली, माझ्यात घातली, वर पाणी, कांदा, गाजर. झाकण ठेवलं. मला खोक्यात बसवलं, रजई घट्ट खोचली आणि ती निघून गेली. सगळं हाताच्या सवयीने. मधलं एकच काम राहिलं होतं. मी थंडगार होतो.

थोड्या वेळाने सासऱ्यांचे पाय खोक्याला लागले. त्यांनी ते काढले, पुन्हा लावले. रजईखाली हात घालून बघितला. झाकण मात्र उघडलं नाही, कायदा तो कायदा.  मग उठून त्यांनी पिशवीत दोन सदरे आणि शाल भरली.

सून आली तेव्हा पिशवी दारापाशी होती.

"मी लेकीकडे जातो," ते म्हणाले. "माझ्यासाठी गॅस जाळायचा नसेल तर तसं सांगायचं. रिकामा टोप कशाला गुंडाळायचा?"

तिला काही कळेना. तिने रजई काढली, झाकण उचललं. पाणी गार होतं आणि डाळ फुगून वर आली होती. 

"बाबा, मी पेटवायलाच विसरले."

सासरे जवळ आले. त्यांनी माझ्यात वाकून बघितलं.

"एवढी डाळ?"

"तिघांची घातली," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

 सासऱ्यांनी मला उचलून शेगडीवर ठेवलं. काडी पेटेपर्यंत दोन काड्या मोडल्या. डाळ दिवसभर भिजलेली, त्यामुळे लवकर शिजली. दोघं गरमागरम जेवली, फार न बोलता. एकाचं उरलं.

"हे सकाळी तुम्ही खा, मी कामावर गेल्यावर," ती म्हणाली.

सासऱ्यांनी पिशवीतली शाल बाहेर काढली आणि सदरे आत तसेच ठेवून पिशवी खाटेखाली सरकवली.

मित्रांनो, मला घासून चकचकीत ठेवा, असं मी म्हणणार नाही. मला ऊब धरून ठेवता येते, निर्माण करता येत नाही. म्हणून माझ्यासारख्याला गुंडाळून कामाला निघालात, तर जाण्याआधी एकदा हात लावून बघा. घरात मागे जो बसून राहणार असेल, त्यालाही.