खिडकीतला टाटा

आजोबांनी किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं आणि थोड्या वेळाने सवयीप्रमाणे त्यांनी मान वर केली. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत नात उभी होती. केस पिंजारलेले, एक हात टाटा करणारा, दुसरा तोंडावर. ती खोकत होती.

शाळेची व्हॅन चालवायचे ते. इंजिन चांगलं तापल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम. तोवर पाठीमागून काळा धूर भिंतीला धरून वर चढत राही. पण नात आपल्यासाठी इतक्या पहाटे उठते, याचं त्यांना कोण कौतुक! बाकीच्या ड्रायव्हरांना ते सांगून सांगून पिडत.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिची छाती तपासली.

"घरात कुणी सिगारेट ओढतं?"

"छे! ही झाली त्या दिवशी सोडली मी," आजोबा ऐटीत म्हणाले.

"थंडीचा खोकला असेल असं वाटलं आम्हाला," सून म्हणाली.

"थंडीचा नाही हा. असंच चाललं तर दमा कायमचा मागे लागेल. खोकला कधी येतो गं तुला?"

"आजोबांची गाडी सुरू झाली की," नात पाय हलवत म्हणाली. "मग मला जाग येते. मग मी टाटा करते."

आजोबांचा चेहरा खर्रकन उतरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी हँडब्रेक काढला आणि गाडीला खांदा लावला.

"बॅटरी बसली वाटतं, आजोबा?" वॉचमनने विचारलं.

"बॅटरी ठणठणीत आहे. तू हात लाव आधी."

दोघांनी व्हॅन फाटकाबाहेर, पार मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलत नेली. तिथे ती सुरू करून आजोबा लगेच निघाले, तापायची वाट न बघता. इंजिनाने जराही कुरकुर केली नाही. इतकी वर्षं आपण उगाच थांबत होतो, हे त्यांना फार लागलं.

मग हे रोजचंच झालं. पहिले काही दिवस नात तरीही उठायची, खोकायची, खिडकीत यायची. औषधं चालू होती. आजोबा गाडी ढकलण्याआधी वर बघायचे.

एके दिवशी त्यांनी वर बघितलं, तर पडदा तसाच होता. ते जरा थांबले. खोकला ऐकू येतो का, म्हणून कान दिला. मग हात उंचावून त्यांनी जोरजोरात टाटा केला.

"कुणाला टाटा करताय?" वॉचमन हसला. "खिडकीत कुणी नाही."

"तेच तर!" आजोबा म्हणाले आणि त्यांनी गाडीला खांदा लावला.