साडेदहा माणसांची खोली

माझ्या ताईचा छत्र्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबरुंद खोली, मागं अंगण आणि अकरा माणसं. मेव्हणे गेल्यापासून सगळा कारभार तिच्याच गळ्यात. मी तिचा धाकटा भाऊ. छत्र्यांना मुठी बसवायचो आणि आलेलं टपाल वाचून दाखवायचो. पुढं सांगतोय त्यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं, तर माझी छत्री भर पावसात उलटी होवो.

कामगारांचे कायदे तेव्हा अशा झपाट्यानं बदलत की सकाळी भिंतीवर डकवलेली सूचना सरस वाळेपर्यंत जुनी होई. जेवणाच्या सुट्टीचा नियम तर एकदा जेवणाच्या सुट्टीतच बदलला. अर्धी भाकरी आम्ही जुन्या नियमानं खाल्ली, अर्धी नव्या.

ताईनं मात्र एकही सूचना चुकवली नाही. आली की मुठी चिकटवायच्या सरसानं समोरच्या भिंतीवर चिकटवायची, आधीच्या सूचनेवर. आधीची काढायची नाही, कारण पहिल्याच सूचनेत ठळक अक्षरांत होतं : ‘लावलेली सूचना कोणीही काढू नये.’ ते वाचून मीच दाखवलं होतं. असो.

अशी तीस वर्षं गेली.

त्याच भिंतीवर शिलाईच्या काकूंची कात्री टांगलेली असे. काकू कारखान्यात सगळ्यांत जुन्या. त्यांचा खिळा दर दोन वर्षांनी भिंतीत बुजून जाई, मग त्या आधीच्यापेक्षा लांब खिळा ठोकत. शेवटचा तर त्यांनी लोहाराकडून हातभर लांबीचा घडवून आणला होता. ‘भिंत खिळे खाते’ म्हणायच्या. आम्हीही माना डोलवायचो.

मग ते पत्र आलं. नवा कायदा : माणशी चाळीस चौरस फूट जागा हवीच. गुरुवारी सकाळी अकराला इन्स्पेक्टर मोजायला येणार. जागा कमी भरली तर माणसं कमी करा, नाहीतर कुलूप.

ताईनं माझ्या हातात टेप दिली. मी मोजलं, पुन्हा मोजलं, श्वास आत ओढूनही मोजलं.

“किती?”

“साडेदहा.”

“साडेदहा काय?”

“माणसं.”

कपाटं अंगणात काढली, टेबलं उभी केली, घड्याळसुद्धा उतरवलं. साडेदहाच! ताईनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. “खोली मोठी होती रे,” ती सारखी म्हणे. “मी लग्न होऊन आले तेव्हा इथं पंधरा माणसं सहज बसायची.”

“तेव्हा माणसं बारीक असतील,” मी म्हणालो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मुठी बसवायला निघून गेलो.

गुरुवारी सकाळी नऊला काकू पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. “मालकीणबाई, मीच जाते. तशीही मी आता अर्धीच उरलेय. हिशेब बरोबर जमेल.”

“गप्प बसा काकू! तुम्हाला काढून मी कुणाच्या तोंडाकडं बघू?”

“कुलपाकडं बघण्यापेक्षा बरं. तेवढी माझी कात्री घेऊ द्या. आणि खिळाही. पदरचा आहे तो.”

काकूंनी कात्री काढली आणि खिळा ओढला. हलेना. मी ओढला. हलेना. मग त्या खिळ्याला दोर बांधून आम्ही दहाजण भिडलो. एकदा करकर झालं, दोनदा झालं, आणि तिसऱ्यांदा सगळी भिंतच आमच्या मागं चालू लागली!

भिंत कसली, हातभर जाडीचा, वीस फूट लांब कागदाचा ठोकळा. तीस वर्षांचे कायदे सरसात मुरून लाकडासारखे टणक झाले होते. मागं खरी भिंत निघाली, आकाशी रंगाची.

ताई मटकन खाली बसली. “काढली! अरे, सूचना काढली! आता तुरुंगच!”

आकाशी भिंतीवर एकच कागद उरला होता, सगळ्यांत पहिला. काकू चष्मा लावून जवळ गेल्या. “अहो भाऊ, हे तुम्हीच वाचलं होतं ना? मग खालची ओळ कुणी वाचायची?”

ठळक अक्षरांखाली बारीक अक्षरांत होतं : ‘नवी सूचना आल्यावर जुनी उतरवून नवी लावावी.’ दुसरी सूचना आम्ही नेमकी त्या ओळीवर चिकटवली होती. चिकटवली होती म्हणजे, सरस मीच लावला होता.

ताई माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता मूठ छत्रीची नव्हे, तिची बसणार. पण ती हसायला लागली, अशी हसली की डोळ्यांतून पाणी. दोन दिवसांत पहिल्यांदा तिनं काकूंच्या डब्यातला घास घेतला.

ठोकळ्याखाली छत्र्यांच्या काड्या घालून आम्ही तो अंगणात ढकलला. अकराला इन्स्पेक्टर आले. टेप लावली, आकडेमोड केली, पुन्हा केली.

“सव्वाअकरा,” ते म्हणाले. “बाई, तुम्ही आणखी पाव माणूस ठेवू शकता.”

“आमचे भाऊ आहेत ना साहेब,” काकू म्हणाल्या. “त्यांना सव्वा धरा.”

साहेब दाखला लिहायला अंगणात गेले आणि बसायला बरं दिसलं म्हणून त्या ठोकळ्यावर टेकले. ‘सर्व काही कायद्याप्रमाणे’ असं त्यांनी तीस वर्षांच्या कायद्यांवर बसून लिहिलं. जाताना बॅगेतून एक ताजी सूचना काढून ताईला दिली.

मी सवयीनं सरसाचं भांडं उचललं. ताईनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि पहिला कागद नखानं हलकेच सोडवून नवा लावला, दोन टाचण्यांवर. त्याआधी तो तिनं स्वतः वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत.

काकूंनी शेजारी एक बोटभर लांबीचा खिळा ठोकला, कात्री टांगली, आणि मशीनसमोर बसताना मला म्हणाल्या, “सरका जरा. चाळीस फूट आहेत माझे. पुरे चाळीस.”